अर्ध्या सेकंदाची तक्रार

गावच्या सार्वजनिक विहिरीवर पाणी भरावयास येणारा प्रत्येक जण पाणी नेताना नकळत एक गोष्ट देऊनही जात असतो. ती म्हणजे विहिरीची खबर. रहाटाचा दोर कोठे झिजला, कोणत्या पायरीचा दगड हलू लागला, पाण्याला वास केव्हापासून येतो, हे पाणी भरणाऱ्यालाच प्रथम कळते. तो बोलला तर दुसरा दोर आणतो, तिसरा दगड बसवितो. तो मुकाट्याने घागर भरून निघून गेला, तर मात्र एखाद्या दिवशी कोणाचा तरी पाय घसरतो. लिनक्स नावाची जी संगणकव्यवस्था आज जगभर पसरली आहे, तिचे मर्म या विहिरीच्या दृष्टान्तात पुष्कळसे सापडते.

संगणक हे यंत्र स्वतःहून काहीच जाणत नाही. दाबलेले अक्षर पडद्यावर उमटविणे, लिहिलेला मजकूर जपून ठेवणे, अनेक कामांना यंत्राचा वेळ वाटून देणे, हा सारा कारभार पाहणाऱ्या मूलभूत आज्ञावलीला ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणतात. व्यापारी कंपन्या अशी आज्ञावली विकतात, तेव्हा तिची मूळ संहिता, म्हणजे माणसाने लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा मजकूर, बहुधा स्वतःपाशीच राखून ठेवतात. गिऱ्हाइकाला यंत्र वापरता येते. ते आतून कसे चालते हे पाहता येत नाही. या रीतीला विरोध करून अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ हा उपक्रम जाहीर केला. १९८९ साली त्यांनी जो परवाना सिद्ध केला, त्यातील अट मोठी मार्मिक आहे. संहिता कोणीही वाचावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी. परंतु बदललेली प्रत दुसऱ्याच्या हाती देताना हाच हक्क त्यालाही द्यावा. घेतलेले दान पुढे चालू राहिले पाहिजे, असा हा दंडक होय.

पुढे १९९१ च्या ऑगस्ट महिन्यात फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून अशी एक व्यवस्था लिहीत असल्याचे जाहीर केले आणि जाणकारांच्या सूचना मागविल्या. पहिल्या आवृत्तीत अवघ्या १०,००० च्या आसपास ओळी होत्या. १९९२ मध्ये त्याने ती स्टॉलमन यांच्या परवान्याखाली आणली आणि एकट्याचा छंद अनेकांचा संसार झाला. आज तिच्या ओळी कोट्यवधी आहेत. अँड्रॉइड भ्रमणध्वनीच्या गाभ्याशी लिनक्सच आहे, आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे.

हा संसार चालतो तो देवघेवीवर. सामान्य वाचकाच्या मनात साहजिकच असा प्रश्न येईल की, ज्याला आज्ञावली लिहिता येत नाही, त्याने या देवघेवीत काय द्यावे? त्याचे उत्तर असे की, नीट सांगितलेली तक्रार हेही एक मोलाचे देणे आहे. ‘यंत्र चालत नाही’ एवढ्याने कोणाचेच काम होत नाही. आवृत्ती कोणती, आज्ञा कोणती दिली, काय घडावयास हवे होते, प्रत्यक्षात काय घडले, आणि तोच दोष पुन्हा कसा घडवून आणता येतो, इतके सांगणारा मनुष्य निम्मी दुरुस्ती करूनच देतो. मग दुसरा आपल्या यंत्रावर ते पडताळून पाहतो, तिसरा दुरुस्तीच्या ओळी लिहून पाठवितो, चौथा त्या तपासून प्रसंगी पुन्हा लिहावयास लावतो. कोणती ओळ कोणी व केव्हा बदलली याची नोंद राहते. ही नोंद ठेवण्यासाठी टॉर्व्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये ‘गिट’ नावाचे साधन रचले.

मराठी माणसाचा वाटाही या कामात आहे. लिनक्सबरोबर चालणाऱ्या ‘ग्नोम’ आणि ‘केडीई’ या दोन्ही पडद्यांवरील शब्द मराठीत आणण्याचे श्रम स्वयंसेवकांनी केले आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा, हा भेद पडद्यावर पुसला गेला, तर ते परदेशी तंत्रज्ञाला कसे उमगावे? ते मराठी वाचणाऱ्यानेच सांगावयास हवे.

तथापि उघड्या विहिरीला राखण लागते. लिनक्सच्या जगात मजकूर दाबून लहान करणारे ‘एक्सझेड’ नावाचे एक साधन आहे. दिसावयास किरकोळ, परंतु असंख्य यंत्रांत बसविलेले. फिनलंडचे लासे कॉलिन हे गृहस्थ कित्येक वर्षे जवळजवळ एकट्याने त्याची देखभाल करीत होते. हे काम विनावेतन छंद म्हणून चालते, असे त्यांनी २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितलेही होते. तरी सुधारणा लवकर का होत नाहीत, असा तगादा काही जण त्यांच्यामागे लावीतच होते. अशा वेळी ‘जिया टॅन’ या नावाने वावरणारा एक मदतनीस पुढे आला. २०२१ पासून त्याने चिकाटीने कामे केली, विश्वास संपादन केला आणि अखेर नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकार मिळविला. २०२४ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत निघालेल्या दोन आवृत्त्यांत त्याने एक चोरवाट दडविली. दूरच्या संगणकात प्रवेश देणारा जो दरवाजा असतो, तो विशिष्ट किल्ली बाळगणाऱ्याला गुपचूप उघडून देणारी ही वाट होती. तिचा मुख्य भाग चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या दुर्बोध फायलींत लपविलेला होता, आणि तो जागा करणारी ओळ गिटच्या उघड्या वहीत नव्हतीच. ती केवळ वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार.

तो उघडकीस आला एका बारीकशा तक्रारीमुळे. आंद्रेस फ्रॉइंड हे तंत्रज्ञ पोस्टग्रेस या माहितीसंग्रहाच्या वेगाची मोजमापे घेत होते. त्यांना असे दिसले की, दूरच्या यंत्रात प्रवेश करताना जेथे सुमारे ०.३ सेकंद लागावयाचे, तेथे ०.८ सेकंद लागत आहेत. अर्धा सेकंद! डोळ्याची पापणी एकदोनदा लवावी इतकाच काळ. दुसरा कोणी ‘यंत्र आज सुस्त आहे’ म्हणून पुढे गेला असता. फ्रॉइंड यांनी त्याचा माग काढला, काही आठवड्यांपूर्वी दिसलेल्या एका विचित्र इशाऱ्याशी त्याची सांगड घातली आणि २९ मार्च २०२४ रोजी सारा पुरावा जगापुढे मांडला. चोरवाट तोपर्यंत डेबियन, फेडोरा इत्यादी वाटपांच्या चाचणीतील आवृत्त्यांत शिरली होती. कोट्यवधी लोकांच्या नित्य वापरातील स्थिर आवृत्त्यांपर्यंत ती पोहोचली नव्हती. संकट उंबरठ्यावरच अडले.

या घटनेवरून उघडेपणा हाच धोका, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. संहिता उघडी होती, म्हणूनच बाहेरच्या एका माणसाला संशयाच्या मुळापर्यंत जाता आले. परंतु उघडे आहे म्हणून कोणीतरी पाहतच असेल, ही समजूतही तितकीच भोळी आहे. हजारो कंपन्या ज्या साधनावर विसंबून होत्या, त्याचा भार एका थकलेल्या माणसाच्या खांद्यावर होता, आणि त्या थकव्यातूनच चोराला वाट मिळाली. विहिरीचे पाणी सर्वांचे, पण गाळ उपसणारा एकटा, अशी स्थिती झाली की विहीर कोणाचीच राहत नाही.

कॉलिन पुन्हा कामाला लागले आणि मे २०२४ मध्ये त्यांनी चोरवाट काढून टाकलेली शुद्ध आवृत्ती प्रसिद्ध केली. गाव करी ते राव न करी, असे आपल्याकडे म्हणतात. ते खरेच आहे. मात्र त्यासाठी पाणी भरणाऱ्याने दोर झिजल्याचे सांगितले पाहिजे, आणि दोर वळणाऱ्याची विचारपूसही अधूनमधून केली पाहिजे.