इशाऱ्याचा दिवा आणि दोषाचे स्थान

दहा-पंधरा वर्षे धावलेल्या एखाद्या उंची एस.यू.व्ही. गाडीत ब्रेकचा, घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचा आणि चारही चाकांच्या ओढीचा असे तीन दिवे एकाच वेळी लागले, म्हणजे तीन यंत्रे एकदम बिघडली असा मालकाचा समज होतो. वस्तुतः पुष्कळदा बिघाड एकच असतो. तो न शोधता सुटे भाग बदलीत गेल्यास खर्च वाढतो आणि दोष मात्र कायम राहतो.

याचे कारण गाडीच्या रचनेत आहे. बॉश या जर्मन कंपनीने १९८६ मध्ये ‘कॅन’ ही संदेशपद्धती जाहीर केली. तीत इंजिन, गिअर व ब्रेक यांचे नियंत्रक एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवरून परस्परांस माहिती पुरवितात. एकाची माहिती चुकली, की तिच्यावर विसंबणारे इतरही तक्रार करू लागतात. तक्रार कोणी केली हे दिवा सांगतो; दोष कोठे आहे हे तो सांगतोच असे नाही.

बी.एम.डब्ल्यू. कंपनीची २००३ मधील ‘एक्स-ड्राइव्ह’ रचना हे याचे चांगले उदाहरण होय. तीत पुढील चाकांकडे किती जोर जावा हे अनेक चकत्यांचा एक क्लच ठरवितो, व त्यास एक लहान विद्युत्-मोटार दाबते. त्या काळातील गाड्यांत या मोटारीचे प्लॅस्टिकचे दंतचक्र कालांतराने झिजते. मग क्लच हुकमाप्रमाणे दाबला जात नाही, आणि तिन्ही दिवे लागतात.

परंतु हेच दिवे अन्य कारणांनीही लागू शकतात. यास्तव सोप्या तपासणीपासून आरंभ करावा. प्रथम नियंत्रकांतील दोषसंकेत वाचून लिहून ठेवावेत. ते पुसून टाकल्याने दोष जात नाही. पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. दाब फार उतरला तर नियंत्रक खोट्या तक्रारी करतात. नंतर टायर पाहावेत. दोन नवे व दोन झिजलेले असल्यास चाकांचे घेर भिन्न होतात, लहान चाके अधिक वेगाने फिरतात, आणि नियंत्रक त्यास घसरण समजून क्लच पुनःपुन्हा दाबतो. त्याने चकत्या तापतात.

पुढे बॅटरी सोडवून कॅनच्या दोन तारांमधील रोध मोजावा. दोन्ही टोकांस १२० ओहमचे रोधक समांतर असल्याने तो सामान्यतः ६० ओहम भरतो. १२० भरल्यास एका टोकाचा रोधक तुटला असण्याचा संभव असतो. शून्याजवळ आल्यास तारा एकमेकींस चिकटल्या असे समजावे. एवढे निर्दोष ठरल्यावरच ती लहान मोटार उघडून दंतचक्र पाहावे.

तोपर्यंत पावसात व घाटात गाडी सावकाश हाकावी. कारण दिवे लागलेले असताना घसरण रोखणारी यंत्रणा साहाय्यास येईलच असा भरवसा नसतो. या क्रमाने तपासणी झाल्यास, जेथे एका लहान दंतचक्राने काम भागते, तेथे संपूर्ण गिअरपेटी बदलण्याचा प्रसंग येत नाही.