सेवासातत्य आणि राखीव प्रत : सर्व्हर-समूहांच्या नियोजनातील एक भेद

सर्व्हर-समूहांची रचना करताना सेवासातत्य आणि माहितीचे रक्षण या दोन गोष्टी पुष्कळदा एकच मानल्या जातात. एक यंत्र बंद पडताच दुसऱ्याने त्याचे काम हाती घ्यावे, अशी व्यवस्था झाली की माहितीही आपोआप सुरक्षित झाली, असा समज होतो. हा समज तपासून पाहणे आणि त्यावरून बॅकअपच्या नियोजनाची काही सूत्रे मांडणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

समूहातील मुख्य डेटाबेसमध्ये झालेला प्रत्येक बदल अल्पावधीत दुय्यम डेटाबेसवर उमटतो. या क्रियेस आपण प्रतिरूपण म्हणू. एखादी डिस्क निकामी झाली तर प्रतिरूपण उपयोगी पडते. परंतु चुकीच्या आज्ञेमुळे नोंदी पुसल्या गेल्या, तर ते पुसणेही तितक्याच तत्परतेने दुय्यमावर उमटते. कारण इष्ट कोणते आणि अनिष्ट कोणते, हा विवेक प्रतिरूपणाला नसतो. ते वर्तमानाची प्रत ठेवते. राखीव प्रत ही भूतकाळाची असते.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सेवेवर ओढवलेला प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे दुय्यम डेटाबेस मागे पडला होता व तो नव्याने भरण्याचे काम चालू होते. त्या गडबडीत दुय्यमाऐवजी मुख्य सर्व्हरवरील माहिती पुसली गेली. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी अत्यल्प भाग उरला. दुय्यम आधीच रिकामा केलेला होता. राखीव प्रतींकडे वळल्यावर खरी स्थिती उघड झाली. रोजची प्रत घेणारी आज्ञावली पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीची, तर डेटाबेस ९.६ आवृत्तीचा; त्यामुळे ती दररोज अयशस्वी होत होती. अपयशाची सूचना देणारे ई-पत्र, प्रेषकाची ओळख पटत नसल्याने, नाकारले जात होते. अखेर, चाचणीसाठी कोणी तरी सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत कामी आली. तरीही सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवी खाती यांवर परिणाम झाला. येथे उपायांची उणीव नव्हती. उणीव होती ती पडताळणीची.

याउलट उदाहरण जीमेलचे. फेब्रुवारी २०११ मध्ये एका आज्ञावलीतील दोषामुळे सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांची पत्रे दिसेनाशी झाली. पत्रांच्या प्रती अनेक केंद्रांत होत्या; पण दोष त्या सर्वांपर्यंत पोचला. चालू यंत्रणेपासून अलग असलेल्या चुंबकीय फितींवरून मात्र पत्रे परत मिळविता आली.

यावरून नियोजनाची सूत्रे निष्पन्न होतात. प्रथम दोन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत ठरवावीत : किती काळाची माहिती गमावणे सोसवेल, आणि सेवा किती वेळात पूर्ववत् व्हावी? पहिल्या उत्तरावरून प्रतींमधील अंतर ठरते. रोज एक प्रत घेतल्यास जवळजवळ एका दिवसाची हानी संभवते; मूळ प्रतीबरोबर बदलांची नोंदवहीही सतत बाहेर साठविली, तर अपघाताच्या आधीच्या इच्छित क्षणापर्यंत परतता येते. दुसऱ्या उत्तरासाठी साधे गणित पुरते : २ टेराबाइट माहिती सेकंदास १०० मेगाबाइट या वेगाने भरण्यास सुमारे साडेपाच तास लागतात. मर्यादा दोन तासांची असेल, तर ही योजना कागदावरच फसलेली आहे.

मुख्य सर्व्हरवर भार नको म्हणून प्रत दुय्यमावरून घेणे युक्त असते. मात्र तो किती मागे आहे, हे आधी पाहिले पाहिजे. तसेच निदान एक प्रत अन्य स्थळी असावी, आणि ती पुसण्याचा अधिकार समूहाच्या चालकांच्या नेहमीच्या खात्यास नसावा. अन्यथा एकच चूक मूळ व प्रत दोन्ही नष्ट करील.

शेवटचे सूत्र सर्वांत महत्त्वाचे. प्रत घेतली गेली, या नोंदीवरून ती परत भरता येईल हे सिद्ध होत नाही. ठराविक काळाने वेगळ्या यंत्रावर प्रत भरून पाहावी, नोंदींची संख्या ताडावी व लागलेला वेळ टिपावा. जी प्रत कधी भरून पाहिलेली नाही, तिला राखीव प्रत न म्हणता केवळ अनुमान म्हणणेच अधिक यथार्थ होईल.