विद्यापीठाचे संकेतस्थळ : बांधणी आणि निगा

विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दगडी इमारत, ग्रंथालय, घड्याळाचा मनोरा उभा राहतो. परंतु श्रीवर्धनच्या विद्यार्थ्याला त्याचे पहिले दर्शन आज घडते ते हातातल्या मोबाईलवर. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. तेथली सूचना वाचायची, तर एके काळी रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरावे लागे. आता ती घरबसल्या वाचता येते. लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ तर आपल्याच जिल्ह्यातले. पण त्याचे विद्यार्थीही आधी संकेतस्थळच उघडतात.

हे संकेतस्थळ उभे राहते कसे? त्याला तीन गोष्टी लागतात : पत्ता, जागा आणि मजकूर. आपल्या विद्यापीठांच्या पत्त्याच्या शेवटी बहुधा 'एसी डॉट इन' असते. तो पत्ता अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था ठरावीक मुदतीपुरता देते. मुदत संपण्याआधी त्याचे नूतनीकरण करावे लागते. जागा म्हणजे सर्व्हर, अहोरात्र चालू राहणारा संगणक. हे दोन्ही पैसे मोजून मिळते. खरी मेहनत आहे ती मजकुराची.

खांदेरी बेटावरचे दीपगृह १८६७ सालचे. ते बांधून झाले म्हणून दिवा लावणाऱ्याला कुणी रजा दिली नाही! संकेतस्थळाचे मात्र पुष्कळदा उलटे होते. उद्घाटन थाटात होते आणि रोजचा दिवा लावायचा कुणी, हे ठरतच नाही. मग गेल्या वर्षीची सूचना यंदाची समजून एखादी मुलगी थांबून राहते आणि परीक्षेच्या अर्जाची तारीख निघून जाते. तिचे वर्ष बुडते.

यावर उपाय साधे आहेत. प्रत्येक विभागात एक जबाबदार माणूस नेमावा. प्रत्येक सूचनेवर तारीख असावी. जुनी सूचना पुसू नये, वेगळ्या कप्प्यात ठेवावी. जुना अभ्यासक्रम दहा वर्षांनीही कुणाला लागतो. सही केलेल्या कागदाचा नुसता फोटो चढवू नये. अंधांना मजकूर वाचून दाखविणारी यंत्रणा अशा चित्रापुढे अडखळते. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरी आहे, तेव्हा सूचना सरळ मराठी अक्षरांत द्यावी. पानेही हलकी ठेवावीत. खाडीकाठच्या गावात मोबाईलची रेंज बेताचीच असते.

आणखी एक. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर धडकले. कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. म्हणून सर्व मजकुराची दुसरी प्रत दूरच्या गावी ठेवावी, आणि ती खरोखर उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे.

माहितीचा अधिकार कायदा, २००५ याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक संस्थांनी आपण होऊन माहिती प्रसिद्ध करावी असे सांगितले आहे. तेव्हा आपण विद्यापीठाचे पान उघडाल, तेव्हा सजावट मागाहून पाहा. आधी सूचनेवरची तारीख पाहा. ती शिळी असेल, तर तसे कळवायला संकोचू नका.