संगणकावरील निघंटू आणि हातातील द्रव्य

आयुर्वेदाच्या अध्ययनात ग्रंथांची दुर्लभता ही पूर्वापार अडचण होय. गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरसारख्या गावी चिकित्सा करणाऱ्या वैद्यास एखादा संदर्भ पाहावयाचा असल्यास महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची वाट धरावी लागे. १९९८ साली स्थापन झालेले आपले आरोग्य विज्ञान विद्यापीठही राज्याच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकला आहे.

आज ही अडचण पुष्कळ अंशी दूर झाली आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय आयुर्विज्ञान संपदा संस्थेने चरक व सुश्रुत संहिता, तसेच अनेक निघंटू महाजालावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. चरकसंहितेच्या ८ स्थानांतील १२० अध्यायांत एखादा शब्द कोठे आला आहे, हे विद्यार्थ्यास क्षणात पाहता येते. मात्र संगणक केवळ अक्षरे जुळवितो. ‘असन’ शोधल्यास ‘बीजक’ वा ‘पीतसार’ या पर्यायनामांनी आलेले उल्लेख हाती लागत नाहीत. म्हणून प्रथम निघंटूतून पर्याय काढून प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे शोधावा, ही शिस्त अध्यापकांनी लावावयास हवी.

याहून गंभीर प्रश्न संदर्भ सापडल्यानंतरचा आहे. प्रमेहात व असनादि गणात योजावयाचा असन म्हणजे बिबळा अथवा बिजा (टेरोकार्पस मार्सुपियम). परंतु लोकव्यवहारात ऐन या वृक्षासही (टर्मिनॅलिया टोमेंटोसा) अनेक ठिकाणी ‘आसन’ किंवा ‘असना’ म्हणतात. दोन्ही वृक्ष आपल्या पूर्व विदर्भाच्या वनांत आढळतात. ‘असन’ एवढेच लिहून मागणी नोंदविल्यास औषधशाळेत भलतेच काष्ठ येऊन पडण्याचा संभव असतो. त्याचे परिणाम रुग्णास भोगावे लागतात.

येथे पडद्यावरील ज्ञानास प्रत्यक्ष परीक्षेची जोड हवी. बिबळ्याचे पान संयुक्त असते. फळ चपटे, वाटोळे व सभोवार पंख असलेले असते आणि सालीस छेद दिल्यास तांबडा निर्यास स्रवतो. ऐनाचे पान साधे, फळ पाच पंखांचे व साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. सुटे काष्ठ आले असता बिबळ्याच्या सारकाष्ठाचा तुकडा पाण्यात भिजवावा. पाणी पिवळसर होते व उजेडात त्यास निळी झाक दिसते. ही प्राथमिक परीक्षा होय. अंतिम निर्णयासाठी औषधिकोशातील मानकांनुसार तपासणी करावी.

औषधशाळांच्या मालकांना विनंती आहे की, खरेदीपत्रकावर संस्कृत नाव, शास्त्रीय नाव व प्रयोज्यांग ही तिन्ही लिहावीत आणि खात्रीच्या द्रव्याचा नमुना जपून ठेवावा. वैद्यबंधूंनी आपल्याकडे अनुभवासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यास संगणकावर श्लोक शोधावयास अवश्य सांगावे. पण त्या श्लोकातील वृक्ष त्याने ओळखून दाखविल्याखेरीज तो पाठ पूर्ण झाला असे मानू नये.