गावाचा कचरा जातो कुठे?

पेण आणि रोहा ही रायगड जिल्ह्यातील दोन जुनी, बाजारपेठ असलेली गावे आहेत. पेणचे नाव गणपतीच्या मूर्तींमुळे परदेशातही पोचले आहे. रोहा कुंडलिका नदीच्या एका काठावर आहे आणि समोरच्या काठावर अष्टमी आहे. दोन्ही काठ मिळून एकच नगरपालिका आहे. म्हणून तिचे नाव 'रोहा अष्टमी नगरपरिषद' असे आहे. या दोन्ही गावांना समुद्रकिनारा नाही. तरीही त्यांच्या कचऱ्याचा समुद्राशी जवळचा संबंध आहे. तो कसा, ते पाहू.

कुंडलिका सह्याद्रीत उगम पावते. भिरा येथील वीजकेंद्रातून सुटलेले पाणी तिला मिळते. त्यामुळे उन्हाळ्यातही ती वाहती असते. कोलाड, रोहा ही गावे मागे टाकून ती रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. पेणची भोगावती नदी धरमतरच्या खाडीकडे जाते. रोह्याच्या पुलावरून कुणी प्लॅस्टिकची पिशवी नदीत टाकली, तर ती तेथेच राहत नाही. ओहोटीच्या पाण्याबरोबर ती खाली सरकते, भरतीला थोडी मागे येते, पुन्हा खाली जाते. शेवटी एखाद्या कोळ्याच्या जाळ्यात मासळीऐवजी तीच सापडते. पावसाळ्यात वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात. तेव्हा समुद्र असा कितीतरी कचरा किनाऱ्यावर आणून टाकतो. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन यांसारख्या किनाऱ्यावरील गावांच्या नगरपालिकांना तो उचलावा लागतो. त्यात त्यांचा स्वतःचा कचरा असतो, पर्यटकांचा असतो आणि वरच्या गावांचाही असतो.

पूर्वी कोकणात कचऱ्याचा प्रश्न एवढा मोठा नव्हता. भाजीची देठे, भाताची पेज, माशांचे काटे, चुलीतली राख हे सारे परसात केळीच्या किंवा माडाच्या बुंध्याशी जात असे. शेण आणि केरकचरा उकिरड्यात पडे. वर्षभरात त्याचे खत होई आणि ते भाताच्या खाचरात पसरले जाई. झाडांचा पालापाचोळाही वाया जात नसे. शेतकरी तो राब भाजण्यासाठी वापरत. राब म्हणजे भाताची रोपे तयार करण्यासाठी भाजलेली जमीन. तेव्हा घरात येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू मातीत मिसळणारी होती. मीठ, साखर कागदाच्या पुडीत मिळे, तेल बाटलीत आणि मासे पानात. नंतर प्लॅस्टिक आले, परसे गेली, इमारती आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या घराला उकिरडा कुठला?

आता एक सोपे गणित करू. लहान शहरात एक माणूस दिवसाला साधारण ३०० ग्रॅम कचरा करतो, असे धरू. २०११ च्या जनगणनेत रोहा अष्टमीची लोकसंख्या सुमारे २१ हजार होती. म्हणजे रोजचा कचरा ६,३०० किलो, अर्थात सहा टनांहून अधिक झाला. वर्षाचा हिशेब २,३०० टनांच्या आसपास जातो. पेणची लोकसंख्या त्याच जनगणनेत सुमारे ३८ हजार होती. तेथला हिशेब तुम्ही स्वतः वहीत करा. लक्षात ठेवा, हा कचरा ईद, गणपती, रविवार अशी कोणतीही सुटी घेत नाही.

हा कचरा उचलण्याचे काम नगरपालिकेचे आहे. कायद्याच्या भाषेत तिला 'नगरपरिषद' म्हणतात. महाराष्ट्रातील नगरपरिषदा १९६५ च्या कायद्याप्रमाणे चालतात. पुढे राज्यघटनेत ७४ वी दुरुस्ती झाली आणि ती १९९३ साली लागू झाली. त्या दुरुस्तीमुळे घटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा १८ कामांची ती यादी आहे. सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा हे विषय तिच्यात आहेत. लोक नगरसेवक निवडून देतात. ते सभेत बसून कामे व खर्च ठरवतात. ठरलेले काम करून घेणारा मुख्याधिकारी मात्र सरकार नेमते. त्याच्या हाताखाली स्वच्छता निरीक्षक असतो, निरीक्षकाच्या हाताखाली मुकादम आणि मुकादमाच्या हाताखाली सफाई कामगार. पहाटे रस्ता झाडणे, घंटागाडी फिरवणे, गटारे उपसणे, पावसाळ्यापूर्वी नाले साफ करणे ही कामे हेच लोक करतात. रस्त्यावरचे दिवे, नळाचे पाणी, मासळी बाजार, बाग यांची देखभालही नगरपालिकेकडेच असते.

'मुकादम' हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला असेल. तो अरबीतील 'मुकद्दम' आहे. नगरपालिकेच्या कचेरीत असे पुष्कळ शब्द भेटतात : अर्ज, वसुली, जाहीर, रद्द. पण काही शब्दांपासून सावध राहावे लागते. उर्दूत 'तकरार' म्हणजे एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे किंवा वाद घालणे. मराठीत 'तक्रार' म्हणजे शिकायत. 'जकात' या शब्दाचेही तसेच झाले आहे. तुम्हांला ती धार्मिक कर्तव्य म्हणून माहीत आहे. मराठीत मात्र शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतला जाणारा कर म्हणजे जकात. नगरपालिकांचे ते मोठे उत्पन्न होते. महाराष्ट्रातील नगरपालिकांची जकात १९९९ साली रद्द झाली.

जकात गेल्यापासून लहान नगरपालिकांचा हात आखडला. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारातील गाळ्यांचे भाडे आणि सरकारी अनुदान यांवर त्यांना भागवावे लागते. यातून पगार द्यायचे, गाड्यांना डिझेल घालायचे, पाइप दुरुस्त करायचे. घरपट्टी थकवणारा माणूसच कधीकधी गटार तुंबल्याची तक्रार सर्वांत मोठ्या आवाजात करतो. पण दोष नेहमी नागरिकांचाच असतो असेही नाही. लोकांनी घरात दोन डबे ठेवायचे आणि गाडीवाल्याने दोन्ही एकाच ढिगात ओतायचे, असे घडले की दुसऱ्या आठवड्यात लोक दोन डबे ठेवणे सोडून देतात. एकदा उडालेला हा विश्वास पुन्हा बसवणे फार कठीण असते.

उचललेला कचरा जातो कुठे? बहुतेक ठिकाणी गावाबाहेरची एखादी जागा ठरलेली असते. तिला लोक डंपिंग ग्राउंड म्हणतात. 'गावाबाहेर' हा शब्द ऐकायला सोपा आहे. पण आपल्या गावाबाहेर दुसऱ्या कुणाचे तरी गाव सुरू होते. तेथे घरे असतात, विहिरी असतात. ओला आणि सुका कचरा एकत्र पडला की आतल्या थरांना हवा मिळत नाही. मग तो कुजतो पण त्याचे खत होत नाही, त्याला फक्त दुर्गंधी सुटते. कुजताना मिथेन नावाचा वायू तयार होतो. तो पेट घेतो, म्हणून असे ढीग कित्येक दिवस धुमसत राहतात. पावसात ढिगातून काळे पाणी झिरपते आणि आसपासच्या विहिरींत उतरू शकते. गुरे पिशवीसकट शिळे अन्न खातात. सर्वांत अधिक त्रास सफाई कामगाराला होतो. फुटकी बाटली, वापरलेली सुई, दाढीचे पाते भाजीच्या सालींत लपलेले असते आणि त्याच ढिगात त्याला हात घालावा लागतो.

याला उपाय नाही का? आहे, आणि तो आपल्या कोकणातच झालेला आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ला नावाचे बंदराचे गाव आहे. एकेकाळी डच व्यापाऱ्यांची वखार तेथे होती. आता काजू, आंबे, मासळी आणि सुंदर किनारा यांसाठी ते ओळखले जाते. २०११ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या सुमारे १२ हजार होती. म्हणजे हे गाव रोह्यापेक्षाही लहान. इतर गावांसारखे त्याचेही एक डंपिंग ग्राउंड होते. २०१५ नंतरच्या काळात तेथील मुख्याधिकारी रामदास कोकरे, नगरसेवक, कामगार आणि गावकरी यांनी मिळून त्या जागेचे रूप पालटले.

त्यांनी सुरुवात यंत्रांपासून न करता घराच्या दारापासून केली. कचरा घरातच वेगळा करून द्यायचा, असा नियम झाला. नियम कागदावर पुष्कळ गावांत असतो. वेंगुर्ल्याने तो रोज पाळून घेतला. वेगळा केलेला माल डेपोत आला की कामगार त्याचे आणखी अनेक प्रकार करीत : कागद, पुठ्ठा, काच, धातू, रबर, जाड प्लॅस्टिक, पातळ प्लॅस्टिक. कोरडा आणि स्वच्छ माल भंगारवाला विकत घेतो. तोच माल आमटीत भिजलेला असेल तर त्याला कुणी हात लावत नाही. येथेच सगळी गोम आहे. सकाळी स्वयंपाकघरात कागद भाजीच्या सालींत पडला, की दुपारी जगातले कोणतेही यंत्र त्याला पुन्हा कोरडा कागद करू शकत नाही.

ओल्या कचऱ्यापासून तेथे खत आणि बायोगॅस तयार करण्यात आला. पालापाचोळ्यापासून जळणाच्या कांड्या बनवल्या गेल्या. आपल्या आजोबांच्या राबासारखाच हा पाल्याचा उपयोग आहे, फक्त रूप नवे. जे पातळ प्लॅस्टिक कुणीच विकत घेत नाही, त्याचे यंत्रावर बारीक तुकडे केले आणि ते डांबरी रस्त्यासाठी वापरले. ही पद्धत मदुराईच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक वासुदेवन यांनी शोधून काढली. तिच्यात तापवलेल्या खडीवर प्लॅस्टिकचे तुकडे टाकतात. ते वितळून खडीवर पातळ थर चढतो आणि मग डांबर तिला घट्ट धरून ठेवते. त्यामुळे पावसाचे पाणी रस्त्यात सहज शिरत नाही. कोकणातल्या पावसाला तोंड देणाऱ्या रस्त्यांसाठी ही गोष्ट लहान नाही.

हळूहळू ढीग संपला. त्या जागेवर झाडे आणि बाग झाली. दुसऱ्या गावांचे नगरसेवक आणि शाळांच्या सहली ती जागा पाहायला येऊ लागल्या. ज्या रस्त्याने पूर्वी लोक नाकाला रुमाल लावून जात, त्या रस्त्याने ते मुद्दाम जाऊ लागले.

कोकरे यांची पुढे आपल्या रायगड जिल्ह्यात कर्जत आणि माथेरान येथे बदली झाली आणि तेथेही त्यांनी असेच काम हाती घेतले. माथेरानची गोष्ट वेगळी आहे. तेथे मोटारगाड्यांना बंदी आहे, त्यामुळे कचऱ्याचा ट्रक दारोदार फिरू शकत नाही. डोंगरावरच कचऱ्याची सोय लावणे भाग असते. म्हणून तेथे 'निसर्गऋण' नावाचा बायोगॅस प्रकल्प बसवण्यात आला होता. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांनी हे तंत्र विकसित केले. त्यात ओला कचरा दळून पातळ करतात. मग उष्णता आवडणारे जिवाणू त्याचे विघटन करतात. पुढच्या बंद टाकीत दुसरे जिवाणू त्यातून मिथेन तयार करतात. ढिगात आग लावणारा हाच वायू टाकीत अडवला की त्यावर चूल पेटते. मात्र या यंत्रात प्लॅस्टिकची एक पिशवी किंवा लोखंडी चमचा गेला तरी काम अडते. पुन्हा आपण स्वयंपाकघरातच येतो.

२०१६ साली केंद्र सरकारने घनकचऱ्याचे नियम केले आणि ओला, सुका व घातक कचरा घरीच वेगळा करणे बंधनकारक केले. उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटल्या-वाट्यांवर बंदी घातली. त्यानंतर काही दिवस बाजारात कापडी पिशव्या दिसल्या. पुढे मासळी बाजारात पातळ काळ्या पिशव्या पुन्हा डोकावू लागल्या. मासळीला टोपली किंवा डबा नेण्याची आपली जुनी सवय मला या बंदीपेक्षा अधिक भरवशाची वाटते.

सणांच्या दिवसांत नगरपालिकेची खरी परीक्षा असते. गणपती विसर्जनानंतर नदीकाठी निर्माल्याचे ढीग जमतात. ते वेगळे गोळा केले तर त्यांचे उत्तम खत होते. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते, प्लॅस्टरची मूर्ती मात्र बराच काळ तशीच राहते. पेणच्या कारागिरांचे पोट या धंद्यावर आहे, म्हणून हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. बकरी ईदच्या दिवशी कुर्बानीनंतर उरलेली आतडी, कातडी, हाडे ही मोहल्ल्यातील प्रत्येक घराची जबाबदारी असते. ती वेगळी बांधून ठरलेल्या गाडीत दिली नाहीत, तर तासाभरात कुत्री आणि कावळे ती गल्लीभर पसरवतात. पावसाळ्यात ईद आली तर ती गटारात जातात आणि तेथून नदीत.

तुमच्या गल्लीत घंटागाडी येत नसेल किंवा गटार तुंबले असेल, तर नगरपालिकेत लेखी अर्ज देता येतो. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहावा. त्यात गल्लीचे नाव, तारीख आणि किती दिवसांपासून अडचण आहे हे स्पष्ट लिहावे. अर्जाची दुसरी प्रत करून तिच्यावर कचेरीचा शिक्का व आवक क्रमांक घ्यावा. तोंडी सांगितलेली गोष्ट विसरली जाते. आवक क्रमांक असलेला कागद कुणाला तरी वहीत नोंदवावा लागतो आणि पुढच्या वेळी जाताना तोच क्रमांक दाखवून विचारता येते, की साहेब, याचे पुढे काय झाले?