बोंबलातले पाणी

मालाडच्या पश्चिमेला मढ-भाटीच्या किनाऱ्यावर पावसाळा सरल्यावर गेलात, तर बांबू रोवून बांधलेल्या दोऱ्यांवर, म्हणजे वलांडीवर, जोडीजोडीने लटकणारे बोंबील दिसतील. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची, हे काम कोळणींचे. सुतळी नको की आकडा नको.

पण टांगायचे कशासाठी? बोंबलात सुमारे ८५ टक्के पाणी असते. टांगल्यावर त्याला चहूबाजूंनी वारा लागतो, भोवतालची दमट हवा वाहून जाते आणि बाष्पीभवन चालू राहते. १० किलो ओल्या बोंबलात घन भाग दीडच किलो. सुक्यात १५ टक्के पाणी उरले असे धरले, तर वजन भरेल जेमतेम पावणेदोन किलो! (हे गणित वर्गात जरूर घालावे.)

दक्षिण अमेरिकेतील इंका लोक हेच काम बटाट्यावर करीत. अँडीज पर्वतातील कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्री उघड्यावर गोठू देत. बर्फामुळे पेशी फुटत. दिवसा उन्हाने मऊ झालेले बटाटे पायांनी तुडवून पाणी काढीत व वाळवीत. असा ‘चुन्यो’ कोठारात वर्षानुवर्षे टिके.

मढला तशी थंडी कुठली? तिथे भिस्त ऊन-वाऱ्यावर. म्हणून अवकाळी पावसाची सर आली, की वलांडीवरचा अर्धवट सुकलेला माल कुजतो आणि कोळणीची मेहनत पाण्यात जाते.