वापरलेल्या डिझेल मोटारीची पारख : थंड इंजिनापासून नोंदणी प्रमाणपत्रापर्यंत

प्रस्तावना :

वापरलेली मोटार घेणारा ग्राहक सर्वसाधारणपणे तीन प्रश्न विचारतो : मोटार कोणत्या वर्षाची, किती किलोमीटर चाललेली आणि किती हातांतून गेलेली. पेट्रोल मोटारीच्या बाबतीत एवढ्यावर बऱ्यापैकी भागते. डिझेल मोटारीच्या बाबतीत मात्र ही उत्तरे खरी असूनही ग्राहक फसू शकतो. कारण डिझेल इंजिनाची आजची अवस्था ते किती चालले यापेक्षा कसे चालविले गेले यावर अधिक अवलंबून असते. घरातील शिल्लक किंवा पतसंस्थेचे कर्ज या व्यवहारात गुंतलेले असते. म्हणून वापराच्या या खुणा कोठे व कशा वाचाव्यात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

किलोमीटरचा आकडा :

पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये, तर डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. मधल्या काळात दोन्ही दरांतील तफावत मोठी होती. डिझेल मोटार मुळात महाग असल्यामुळे ज्याचे फिरणे जास्त, त्यालाच ती परवडे. प्रवासी वाहतूक करणारे, कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी, तालुक्याहून रोज जिल्ह्याच्या ठिकाणी जाणारे नोकरदार हा तिचा प्रमुख ग्राहक होता. पुढे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषण निकष लागू झाले आणि मारुती सुझुकीने डिझेल मोटारींचे उत्पादन थांबविले. परिणामी जुन्या बाजारातील लहान डिझेल मोटारी बहुतांशी त्यापूर्वीच्या आहेत.

हे लक्षात घेता दहा वर्षांच्या डिझेल मोटारीवर चाळीस हजार किलोमीटरचा आकडा दिसला, तर आनंदित होण्याऐवजी त्याचे कारण विचारणे योग्य ठरते. मीटर मागे फिरविणे आज अवघड राहिलेले नाही. नोंदणी क्रमांकावरून अधिकृत सेवा केंद्रातील नोंदी पाहाव्यात. पायपट्ट्यांचे रबर, स्टिअरिंगचे आवरण आणि चालकाच्या आसनाची दरवाजाकडील कड यांची झीज त्या आकड्याशी जुळते का, तेही पाहावे. टायरवरील चार अंकी क्रमांकातून त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष कळते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मात्र आकडा जास्त आहे म्हणून मोटार वाईट, असेही नाही. महामार्गावर एका लयीत दीड लाख किलोमीटर चाललेले इंजिन शहरातील गर्दीत साठ हजार किलोमीटर रखडलेल्या इंजिनापेक्षा पुष्कळदा निरोगी आढळते.

थंड इंजिनाचे महत्त्व :

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा अतिशय दाबली जाऊन इतकी तापते, की फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, व्हॉल्व्ह नीट बसत नसतील किंवा इंजेक्टर फवारा मारण्याऐवजी थेंब गाळत असतील, तर हा दाब व ही उष्णता पुरेशी जमत नाही. इंजिन तापले की धातू प्रसरण पावतो, उष्णता आयती मिळते आणि हे दोष बरेचसे झाकले जातात. म्हणूनच ग्राहक येण्यापूर्वी मोटार ‘जरा फिरवून आणणारा’ विक्रेता संशयास पात्र ठरतो. सकाळी लवकर जावे आणि बोनेटला व इंजिनाच्या झाकणाला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी. त्यानंतरच मोटार सुरू करावयास सांगावी.

पहिली पाच मिनिटे सर्वांत बोलकी असतात. सुरुवातीला क्षणभर दिसणारा फिकट धूर गंभीर नसतो. पांढरा धूर टिकून राहिला आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास असला, तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनचा दोष संभवतो. वास गोडसर असेल, तर कूलंट जळत असण्याची शक्यता असते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. त्याचे मूळ रिंगांत किंवा टर्बोचार्जरच्या सीलमध्ये असते. वेग वाढविताना येणारा दाट काळा धूर हवा कमी किंवा इंधन जास्त असल्याचे दर्शवितो. एअर फिल्टर तुंबला असेल, तर खर्च किरकोळ असतो. इंजेक्टर किंवा टर्बो बिघडला असेल, तर तो मोटारीच्या किमतीशी स्पर्धा करतो. दांडीवरचे ऑइल काळे दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. डिझेल इंजिनात ते बदलल्यानंतर थोड्याच दिवसांत काळे होते.

इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. तेथून आगगाडीच्या इंजिनासारखा वाफारा ठोके देत बाहेर येऊ लागला, तर जळलेले वायू रिंगांवरून खाली उतरत आहेत असे समजावे. ही परीक्षा फुकटची आहे. तरीही ती क्वचितच केली जाते.

आवाजासंबंधी एक उदाहरण घेता येईल. फियाटचे १२४८ घन सेंटिमीटरचे मल्टिजेट इंजिन पुण्याजवळ रांजणगाव येथे आणि हरियाणात मानेसर येथे बनत असे. मारुतीमध्ये ते डीडीआयएस, तर टाटाच्या मोटारींत क्वाड्राजेट या नावाने आले. त्यात टायमिंग चेन असल्याने ‘देखभालीची गरज नाही’ असा समज पसरला. वस्तुतः ती चेन ताणून धरणारे यंत्र ऑइलच्या दाबावर चालते. ऑइल वेळेवर बदलले नसेल, तर थंड इंजिन सुरू होताना साखळी हलविल्यासारखी खडखड ऐकू येते. रेनॉ डस्टरच्या दीड लिटर डिझेल इंजिनात मात्र रबरी बेल्ट आहे. तो शेवटी केव्हा बदलला याची पावती मागावी. तुटल्यास व्हॉल्व्ह वाकतात.

घेणाऱ्याचा स्वतःचा वापर :

भारत स्टेज ६ च्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळण्यासाठी तो सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो आणि त्यासाठी सलग, वेगात केलेला प्रवास आवश्यक असतो. शाळा, मंडई आणि कार्यालय एवढेच फिरणे असल्यास तो तुंबतो. जाळण्याची क्रिया वारंवार अर्धवट राहिली, तर जादा डिझेल ऑइलमध्ये उतरते. दांडीवर ऑइलची पातळी खुणेच्या वर दिसणे ही त्याची खूण होय.

पेट्रोल १०४ रुपये व डिझेल ९० रुपये लिटर, तसेच अनुक्रमे १५ व २० किलोमीटरची सरासरी गृहीत धरली, तर किलोमीटरमागे सुमारे २ रुपये ४३ पैसे वाचतात. महिन्याला ५०० किलोमीटर फिरणाऱ्याची वर्षाची बचत साडेचौदा हजारांच्या आसपास येते. चार इंजेक्टर बदलावे लागले, तर अशी काही वर्षांची बचत एका बिलात जाते. अशा ग्राहकाने मुळात डिझेलचा हट्ट का धरावा, हा प्रश्न उरतोच.

पूर आणि कागदपत्रे :

मुंबईतील २६ जुलै २००५ चा पाऊस, सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा आणि चिपळूणचा २०२१ चा पूर यांत असंख्य वाहने बुडाली. पाणी दाबले जात नाही. त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी शिरून इंजिन फिरविले गेल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का, हे पाहावे. गालिच्याखालचा पत्रा व आसनाखालच्या पट्ट्या तपासाव्यात.

राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय यांमुळे दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल मोटारींवर बंदी आली. अंमलबजावणीत पुढे बदल झाले, तरी तेथील स्वस्त मोटारी इतर राज्यांत जात राहिल्या. अशी मोटार महाराष्ट्रात आणताना ना हरकत प्रमाणपत्र, नवी नोंदणी आणि येथील कर हे सर्व किमतीत मिळवावे. महाराष्ट्रात डिझेल मोटारीवरील एकरकमी कराचा दर पेट्रोलपेक्षा अधिक आहे. नोंदणी प्रमाणपत्रावर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल, तर नमुना ३५ व बँकेचे पत्र घेतल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. चेसिस क्रमांक प्रत्यक्ष मोटारीवर वाचून ताडून पाहावा.

हस्तांतरणासाठी नमुने २९ व ३० भरले जातात. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५० नुसार एकाच राज्यातील व्यवहाराची सूचना विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यावयाची असते. कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन मोटार हातोहात फिरविण्याची प्रथा अजूनही आढळते. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या २०१८ च्या खटल्यात मोटार लागोपाठ अनेकांना विकली गेली होती. तरीही नोंदीत नाव असलेल्या मूळ मालकालाच सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईसाठी जबाबदार धरले.